विमानाच्या पंखाचं टोक उडता उडता वळवता आलं तर?

गगनवेध (सोमवार, रात्री ९.१२)

पुणे-दिल्ली विमानात खिडकीची जागा मिळाली की माझी नजर पंखावरून हटत नाही. निघण्याआधी मागच्या कडेचे फ्लॅप खाली येतात, पुढच्या कडेचे स्लॅट सरकतात, वळताना एलेरॉन वरखाली होतात, चाकं टेकली की स्पॉयलर उभे राहतात. सगळा पंख कामाला लागलेला असतो. टोकाला वर वळलेलं विंगलेट मात्र पुण्यात ज्या कोनात असतं, त्याच कोनात दिल्लीत उतरतं.

विंगलेट कशासाठी असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. टोकापाशी खालची हवा वळसा घालून वर पळते आणि मागे भोवरा सुटतो. तो भोवरा फिरवायला लागणारी ऊर्जा शेवटी आपल्याच इंधनातून जाते. हा इन्ड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे या भोवऱ्यामुळे विमानाला होणारा विरोध. विंगलेट भोवरा थांबवत नाही, पण त्याचा जोर कमी करतं.

आता विमान निघताना जड आणि हळू, वर गेल्यावर वेगात, उतरताना हलकं. तिन्ही वेळा टोकाभोवतीची हवा निराळी. मग एकच कोन तिन्ही वेळा योग्य कसा? चढताना टोक आडवं पसरावं, वर गेल्यावर उभं करावं, हवा खवळली तर थोडं सैल सोडावं. माझं ठाम मत आहे की हे व्हायला हवं. जाणकारांनी सांगावं: असे प्रयोग झालेत का? झाले असतील तर आपण बसतो त्या विमानांवर ते का नाहीत?

आगाऊ_कार्टं (सोमवार, रात्री ९.२०)

टोक हलताना दिसलं तर आमची आजी पट्टा सोडून थेट कॉकपिट गाठेल. "बाळा, तुझा पंख निखळतोय बघ."

धागा आवडला, चालू द्या.

टर्बोफॅन (सोमवार, रात्री १०.०५)

गगनवेध, प्रश्न अगदी रास्त आहे. थोडं मागे जाऊन सांगतो.

पंखाच्या टोकाला उभी फळी लावायची कल्पना राइट बंधूंच्याही आधीची आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १८९७ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण नुसत्या सपाट फळीमुळे इन्ड्यूस्ड ड्रॅग जितका कमी होतो, तितकाच फळीच्या स्वतःच्या घर्षणाने वाढतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर नासाच्या लँगली केंद्रातल्या रिचर्ड व्हिटकॉमने तो विषय नव्याने हातात घेतला. त्याचं म्हणणं असं की ही फळी नव्हे, हा छोटा पंखच आहे. त्याचा आकार, कोन, वळण सगळं पंखासारखंच नीट ठरवायला हवं. टोकापाशी हवा तिरकी येते, त्यामुळे विंगलेटवर तयार होणारी लिफ्ट (हवेचा उचलणारा जोर) किंचित पुढे झुकते. वारा बाजूने येत असतानाही शीड होडीला पुढे नेतं, तसंच हे.

व्हिटकॉमची विंगलेट्स १९७९-८० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानावर बसवून नासाच्या ड्रायडन केंद्रात उडवली. जवळजवळ नऊ फूट उंचीची होती ती. आणि हे खास तुमच्यासाठी: ती सात वेगवेगळ्या कोनांत बसवता येत होती! अर्थात जमिनीवर, उड्डाणात नाही. कोन बदलायचा, उडायचं, मोजायचं, पुन्हा बदलायचा. इंधनाची बचत साधारण साडेसहा टक्क्यांपर्यंत दिसली.

कोनाने फरक पडतो हे तेव्हापासून ठाऊक आहे. दोन कोन महत्त्वाचे. एक, विंगलेट बाहेर किती कललंय. दुसरा, त्याचं नाक आत की बाहेर वळलंय. दुसऱ्यात एखाद्या अंशाचा फरकही जाणवतो. आपण बघतो ते स्थिर विंगलेट ही तडजोड आहे, यात वाद नाही.

हिशेबनीस (सोमवार, रात्री १०.४८)

टर्बोफॅन, गोष्ट पुरी सांगा की. साडेसहा टक्के सिद्ध झाल्यावर हवाई दलाने केसी-१३५ च्या ताफ्यावर ती विंगलेट्स लावली का? नाही लावली. त्यांनी इंजिनं बदलली.

मी विमान कंपन्यांच्या खर्चाच्या बाजूला काम केलंय, म्हणून माझा पहिला सवाल हाच असतो: टक्के कशावरचे? साध्या पंखापेक्षा स्थिर विंगलेट बरं, हे मान्य. एअरबस ए-३२० च्या शार्कलेटसाठी (त्यांच्या विंगलेटचं नाव) चार टक्क्यांपर्यंत सांगते, तेही लांबच्या पल्ल्यावर. गगनवेध मागतायत ते या चार टक्क्यांच्या वरचं. चांगलं बसवलेलं स्थिर विंगलेट क्रूझमध्ये, म्हणजे वर गेल्यावरच्या सरळ उड्डाणात, जवळपास योग्य कोनातच असतं, कारण ते क्रूझसाठीच बेतलेलं असतं. म्हणजे हलत्या टोकाची कमाई उरते चढताना आणि उतरताना. त्यासाठी मोटर, बिजागरी, वायरिंग, सेन्सर असं सगळं वजन प्रत्येक उड्डाणात वाहायचं, तेही पंखाच्या अगदी टोकाशी.

दुसरं उदाहरण बोइंग ७४७-४०० चं. १९८९ मध्ये ते सेवेत आलं तेव्हा सहा फुटी विंगलेट्स ही त्याची ओळख होती. पण जपानमधल्या देशांतर्गत फेऱ्यांसाठी बोइंगने ७४७-४००डी बनवलं, त्यावर विंगलेट्स नव्हतीच. तासा-दीड तासाच्या उड्डाणात त्यांचं वजन भरून निघत नव्हतं. साधं, न हलणारं विंगलेटसुद्धा जिथे परवडत नाही, तिथे हलणारं कसं परवडेल?

गगनवेध (सोमवार, रात्री ११.१०)

७४७-४००डी चं ठाऊक नव्हतं, झकास माहिती. पण मला त्यातून उलटंच दिसतं. एकच पंख, एका मार्गावर विंगलेट फायद्याचं, दुसऱ्यावर तोट्याचं. म्हणजे टोकाचा योग्य आकार कामाप्रमाणे बदलतो. आणि आपल्याकडे तेच विमान सकाळी पुणे-गोवा आणि दुपारी दिल्ली-दुबई करतं.

मिहानकर (मंगळवार, सकाळी ६.५५)

रात्रपाळी संपवून लिहितोय. नागपुरात विमानांच्या देखभालीचं काम करतो.

मंडळी, विंगलेट लांबून गुळगुळीत दिसतं, जवळून बघा. खाली पंखाच्या जोडाला स्क्रूंची रांग, जोडावर सीलंटची रेघ, पुढच्या कडेला धातूची पट्टी, मागच्या कडेला साचलेली वीज हवेत सोडणारे पेन्सिलीएवढे स्टॅटिक डिस्चार्जर. आकाशातली वीज पडते ती बहुतेक वेळा नाकाला किंवा टोकांनाच, त्यामुळे असं काही झालं की पहिली शिडी तिथे लागते. पावसाळ्यात सीलंटच्या बारीक भेगेतून पाणी शिरतं. जमिनीवर ट्रॅक्टरने विमान ओढत नेतात तेव्हा एक माणूस फक्त टोकाकडे बघत चालतो, कारण शिडी, ट्रक, शेजारचं विमान जे काही घासायचं ते तिथेच घासतं.

आता याच जागी बिजागरी आणि मोटर ठेवायची म्हणताय. ठेवा, अशक्य काही नाही. फ्लॅपचे स्क्रू-जॅक आम्ही रोज सांभाळतोच की. पण फ्लॅपची यंत्रणा पंखाच्या जाड भागात असते, तिथे हात जातो. टोकाशी पंखाची जाडी इतकी कमी की आत टॉर्च धरून बघायलाही जागा नसते. आणि ते बंद पडलं तर विमान सोडायचं की नाही, ते आधी ठरवायला लागेल. "अर्ध्या कोनात अडकलंय, पण जाऊ द्या" असं लिहून सही करायला मी तरी तयार नाही.

रानवेडी (मंगळवार, सकाळी ९.३०)

मला विमानातलं काही कळत नाही, पक्षी बघते. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

घार, गरुड, गिधाड घिरट्या घालताना त्यांच्या पंखांची टोकं बघा. बाहेरची पिसं बोटांसारखी सुटी होतात आणि प्रत्येक पीस वेगवेगळ्या उंचीवर वर वळतं. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं बघताना दुर्बिणीतून हे फार छान दिसायचं. हवा उसळली की पिसं आणखी वर वाकायची, शांत झाली की खाली यायची. तेच गिधाड सूर मारताना टोकं मिटून घेतं. व्हान्स टकर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एका शिकवलेल्या हॅरिस हॉकला (एक शिकारी पक्षी) वाऱ्याच्या बोगद्यात उडवून मोजमाप केलं होतं. पिसं सुटी असताना ड्रॅग कमी भरतो, कापून टोक बंद केलं की वाढतो, असं त्यात दिसलं.

माझा प्रश्न असा की पिसाला वाकवायला तिथे कुठे मोटर आहे? ते वाऱ्यानेच वाकतं. विमानात असं होत नाही का?

आगाऊ_कार्टं (मंगळवार, सकाळी ९.३८)

रानवेडीताई, "विमानातलं काही कळत नाही" म्हणून सुरुवात करायची आणि सगळ्यांची दांडी गुल करायची!

टर्बोफॅन (मंगळवार, दुपारी १.१५)

रानवेडी, अगदी हाच विचार एअरबसने केला. इंग्लंडमध्ये फिल्टनला त्यांच्या चमूने अल्बट्रॉसवन नावाचं रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवलं, २०१९ मध्ये जाहीर केलं. त्याच्या पंखांची टोकं बिजागरीवर आहेत आणि उड्डाणात ती मोकळी सोडता येतात. वाऱ्याचा झोत आला की टोक आपसूक वर उचललं जातं, झोत गेला की खाली येतं.

गंमत बघा, यात टोक हलतं ते भोवरा कमी करायला नव्हे. इन्ड्यूस्ड ड्रॅग कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पंख लांब करणं. तेवढ्याच लिफ्टला पंखाची लांबी वाढवली की हा ड्रॅग लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अडचण अशी की लांब पंखाच्या टोकाला झोत बसला की मुळाशी प्रचंड वाकवणारा जोर येतो. तो सोसायला मुळाशी जास्त सामग्री, म्हणजे जास्त वजन. टोक वेळेवर मोकळं झालं तर तो जोर मुळापर्यंत पोचतच नाही. मग हलकाच पंख लांब करता येतो.

म्हणून हिशेबनीस, तुमच्या हिशेबात मी एक ओळ वाढवतो. हलत्या टोकाची खरी कमाई टोकापाशी शोधू नका, पंखाच्या मुळाशी वाचलेल्या वजनात शोधा.

हिशेबनीस (मंगळवार, दुपारी १.४०)

ही ओळ मला चालते. वजन हे रोख नाणं आहे. पण बिजागरीचं आणि कुलपाचं वजन त्यातून वजा करा, आणि रेडिओवर चालणाऱ्या नमुन्यावरून ए-३२० चं बिल काढू नका.

खारा_वारा (मंगळवार, सायंकाळी ५.२०)

निवृत्त नौसैनिक, सध्या मुक्काम वास्को. दोन गोष्टी सांगतो.

पंख दुमडणं आमच्याकडे नवं नाही. विमानवाहू नौकेवर जागा इंचाइंचाने मोजतात. दाबोळीला हंसा तळावर मिग-२९के दुमडलेल्या पंखांनी उभी असायची. ते सगळं जमिनीवर किंवा डेकवर. उडताना पंख कुलूपबंद हवा आणि तो तसा आहे हे डोळ्यांनी बघून घ्यायचं. १९६० मध्ये अमेरिकी नौदलाचं एक क्रुसेडर लढाऊ विमान इटलीतल्या नेपल्सहून दुमडलेल्या पंखांनीच उडालं होतं. वैमानिकाने शांतपणे फेरी मारून ते परत उतरवलंही. विमान दणकट होतं आणि माणूस हुशार, म्हणून निभावलं.

दुसरं, हंसावर २०२२ मध्ये पी-८आय या सागरी गस्तीच्या विमानांचं स्क्वाड्रन आलं, आयएनएएस ३१६, नाव 'काँडोर्स'. पी-८आय म्हणजे मूळचं बोइंग ७३७ च. पण त्याच्या पंखाला प्रवासी ७३७ सारखी उभी विंगलेट्स नाहीत. टोक पंखाच्याच पातळीत आहे, मागे निमुळतं होत गेलेलं. म्हणजे इथेही कामाप्रमाणे टोक बदललं, फक्त कारखान्यातच. रानवेडी, काँडोर हे दक्षिण अमेरिकेतलं प्रचंड गिधाड, सुट्या पिसांच्या टोकांचंच. नाव शोभतं.

वडापाव_विथ_चटणी (मंगळवार, सायंकाळी ६.०२)

मला वाटायचं विंगलेट कंपनीचा लोगो रंगवायला असतं. आतल्या बाजूला रंगवतात, खिडकीतून फोटो काढला की आपोआप जाहिरात.

मिहानकर (मंगळवार, सायंकाळी ६.३०)

रंगवतात खरं. आणि रंगाचा प्रत्येक थर म्हणजे वजन, त्याचीही नोंद असते.

सिएटलकर (बुधवार, सकाळी ७.४५)

इकडे मंगळवारची संध्याकाळ आहे. कंपोझिट स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे कार्बन फायबरसारख्या सामग्रीच्या सांगाड्यांवर, काम करतो. जे जाहीर आहे तेवढंच लिहितो.

मोठ्या प्रवासी विमानावर हलणारं टोक आता आहे: बोइंग ७७७एक्स. पहिलं उड्डाण २५ जानेवारी २०२० ला झालं. पंख उघडले की ७१.७५ मीटर, टोकं वर दुमडली की ६४.८५ मीटर. हा दुसरा आकडा नीट बघा. विमानतळांच्या वर्गवारीत 'ई' गटाची मर्यादा ६५ मीटरच्या आत आहे. ६५ ओलांडलं की 'एफ' गट, म्हणजे ए-३८० सोबत. तेवढे रुंद टॅक्सीवे आणि पार्किंग जगात थोड्याच ठिकाणी आहेत. ७७७एक्स धावपट्टीवरून बाहेर पडताना टोकं दुमडतं, म्हणजे जुन्या ७७७ च्याच जागेत उभं राहतं आणि हवेत जवळपास सात मीटर जास्त पंख वापरतं. त्याला उभं विंगलेट लागतच नाही.

उड्डाणात मात्र ती टोकं हलत नाहीत. अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने २०१८ मध्ये त्यासाठी खास अटी घातल्या. टोकं कुलूपबंद नसतील तर वैमानिकाला एकापेक्षा जास्त मार्गांनी इशारा मिळायला हवा, आणि तशा अवस्थेत विमानाला उड्डाण करताच येऊ नये. जमिनीवर दुमडलेल्या टोकांनी ६५ नॉटचा आडवा वारा सोसायला हवा. खारा_वारा काकांनी सांगितलेल्या नेपल्सच्या गोष्टीला हे सरळ उत्तर आहे.

आणखी एक. नव्वदच्या दशकात मूळ ७७७ लाही दुमडत्या पंखांचा पर्याय दिला होता. त्यात दुमडणारा भाग बराच मोठा होता, नियंत्रणाचे पृष्ठभागही त्यात येत होते. एकाही कंपनीने तो घेतला नाही. या वेळी भाग लहान ठेवला, साडेतीन मीटरच्या आसपास.

गगनवेध (बुधवार, सकाळी ८.१५)

म्हणजे दुमडतं ते पार्किंगसाठी. आणि अल्बट्रॉसवन लहान नमुना. उडताना खरोखर काम करणारं, माणसं घेऊन जाणारं काहीच नाही का?

सिएटलकर (बुधवार, सकाळी ९.५०)

आहे, आणि त्याची कहाणी नीट सांगायला हवी.

आयडाहोच्या सँडपॉइंटमध्ये टॅमरॅक नावाची कंपनी आहे. सेसनाच्या छोट्या सायटेशनजेट विमानांसाठी त्यांनी 'अ‍ॅक्टिव्ह विंगलेट' बनवलं. पंख थोडा लांबवायचा आणि टोकाला विंगलेट लावायचं. वाढीव भागाच्या मागच्या कडेला एक लहान फळी असते. झोत बसला की सेन्सरला कळतं, फळी क्षणात वर होते, टोकाची लिफ्ट सांडते, मुळावरचा जोर उतरतो. त्यामुळे जुना पंख न मजबूत करता लांबवता येतो. टर्बोफॅननी वर लिहिलेलंच तत्त्व, फक्त वाऱ्याऐवजी मोटरने चालणारं. एफएएची मंजुरी २०१६ अखेरीस मिळाली.

३० नोव्हेंबर २०१८ ला इंडियानात मेम्फिस गावाजवळ असं एक विमान कोसळलं, तीन माणसं गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका विमानाने अचानक कूस पालटली, वैमानिकाने ते सावरलं. त्यानंतर आधी युरोपने आणि मग अमेरिकेने अशी विमानं जमिनीवर थांबवली. कंपनी दिवाळखोरी संरक्षणात गेली. पुढे फळीच्या मागच्या कडेला पट्ट्या बसवल्या, म्हणजे यंत्रणा बंद पडली तरी हवेच्याच जोराने फळी मध्यभागी यावी. त्या बदलांनंतर विमानं पुन्हा उडू लागली. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने २०२१ मध्ये इंडियानाच्या अपघाताचं कारण डाव्या पंखावरच्या या यंत्रणेचं एकतर्फी उघडणं असं दिलं, ते का झालं हे मात्र ठरवता आलं नाही. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नाही.

वाद तिथेच ठेवतो. माझ्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच: टोकाला काहीही हलणारं लावलंत, तर ते एका बाजूला अडकलं तरी विमान वैमानिकाच्या हातात राहिलं पाहिजे. ही पहिली अट. इंधनाचा हिशेब त्यानंतर.

स्नेहल_डोंबिवली (बुधवार, सकाळी १०.२०)

मूलभूत प्रश्न विचारते. फ्लॅपही एका बाजूला अडकू शकतो ना? मग टोकाचीच एवढी भीती का?

टर्बोफॅन (बुधवार, सकाळी १०.४१)

स्नेहल, अडकू शकतो, म्हणून मोठ्या विमानांत दोन्ही बाजूंचे फ्लॅप एकाच फिरत्या दांड्याने जोडलेले असतात आणि जरा फरक पडला की यंत्रणा जागीच थांबते. टोकाची भीती अंतरामुळे. विमान कुशीवर लोळवणारा जोर म्हणजे लिफ्टमधला फरक गुणिले मधल्या अक्षापासूनचं अंतर. टोकाशी अंतर सगळ्यात जास्त, त्यामुळे छोट्या फळीचाही परिणाम मोठा. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दांडा न्यायचा तर त्याचंच वजन सगळी बचत खाऊन टाकेल.

यावर नासाने एक सुंदर वाट शोधली. निकेल-टायटॅनियमचा आठवण ठेवणारा मिश्रधातू असतो. तापवला की आधी शिकवलेल्या आकारात परत जातो. त्याचीच नळी पिळून बिजागरीत बसवली. वीज देऊन तापवली की पीळ सुटतो आणि टोक वळतं. हायड्रॉलिक नाही, गिअर नाहीत. २०१७-१८ मध्ये प्टेरा नावाच्या मानवरहित विमानावर उड्डाण करून पंखाची टोकं वर आणि खाली ७० अंशांपर्यंत वळवून दाखवली. पारंपरिक यंत्रणेपेक्षा वजनात ८० टक्क्यांपर्यंत बचत होते असं नासा सांगते. मिहानकर, तुमच्या "हात जात नाही" या तक्रारीवर मला तरी हाच सगळ्यात आशेचा उपाय वाटतो. यात बिघडायला सुटे भागच थोडे आहेत.

मिहानकर (बुधवार, दुपारी २.३०)

भाग थोडे हे ऐकून बरं वाटलं. पण तापवून हलतं तर थंड व्हायलाही वेळ लागणार. झोत येतो क्षणात. कोन हळूहळू बदलायला हे ठीक, झोत झेलायला नाही.

टर्बोफॅन (बुधवार, दुपारी २.५२)

बरोबर. म्हणूनच नासाचा वापर उड्डाणाच्या टप्प्याप्रमाणे कोन बदलायला होता. झोतासाठी मोकळी बिजागरी किंवा जलद मोटर. दोन कामं वेगळी आहेत आणि गगनवेधच्या मूळ प्रश्नात ती एकत्र आली होती.

खारा_वारा (बुधवार, दुपारी ४.१०)

आकाराने मोठं हवं असेल तर अमेरिकेचं एक्सबी-७० आठवा, पहिलं उड्डाण १९६४. आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारं बॉम्बर. त्याची टोकं उड्डाणातच खाली दुमडायची, आधी २५ अंश, मग ६५. पण ते स्थिरतेसाठी आणि धक्कालहरींचा दाब पंखाखाली धरून ठेवण्यासाठी. आपल्या भोवऱ्याशी त्याचा संबंध नाही. एवढं मोठं टोक हवेत दुमडता येतं, हे मात्र तेव्हाच सिद्ध झालं.

हडपसरी_घार (बुधवार, रात्री ९.०५)

ग्लायडिंगवाल्यांना कुणी विचारतच नाही! हडपसरला शिकलो, आता परदेशात स्पर्धांमध्ये उडतो.

ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे ड्रॅगचा प्रत्येक कण थेट उंचीत मोजला जातो. आमच्या एका गटात पंखांची लांबी १५ मीटरच्या वर नेता येत नाही. लांबी बांधलेली, म्हणून विंगलेट. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) हळू, घट्ट वळणं घेताना विंगलेट खूप मदत करतं. दोन थर्मलच्या मध्ये वेगाने पळताना तेच ओझं होतं, कारण तेव्हा इन्ड्यूस्ड ड्रॅग कमी आणि घर्षण जास्त. सुरुवातीला लोकांनी लावलेल्या विंगलेट्सनी वेगात तोटाच व्हायचा. कोन आणि आकार घासून घासून तो तोटा जवळजवळ नाहीसा करायला वर्षं गेली.

कित्येक ग्लायडरना टोकं बदलता येतात. १५ मीटरची काढा, १८ मीटरची खोचा, पिन लावा, चिकटपट्टीने फट बुजवा, झालं. उड्डाणात मात्र आम्ही टोक हलवत नाही. हलवतो पंखाची मागची कडा. हळू जाताना थोडी खाली, पळताना थोडी वर. त्याने पंखाचं वळण बदलतं आणि लिफ्टची वाटणीही.

गगनवेध, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. मोठ्या विमानांनीही हेच उचललंय. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० क्रूझमध्ये असताना त्यांचे फ्लॅप अगदी थोडे वरखाली होत राहतात. इंधन जळून वजन घटतं तसं संगणक पंखाचं वळण बदलतो. खिडकीतून जाणवणारही नाही इतकी ती हालचाल लहान असते. म्हणजे पंख स्थितीप्रमाणे आकार बदलतोच आहे. फक्त त्यासाठी टोकाला नवी यंत्रणा न लावता आधीच असलेले फ्लॅप आणि त्यांच्या मोटर वापरल्यात.

हिशेबनीस (बुधवार, रात्री ९.४०)

हे मला सगळ्यात पटलं. वजन न वाढवता मिळालेला फायदा. ज्या मोटरचं वजन आपण वाहतोच आहोत, तिलाच क्रूझमध्ये काम दिलं.

गगनवेध (गुरुवार, सकाळी ८.३०)

मंडळी, मनापासून आभार. ७८७ ची गोष्ट वाचून फार आनंद झाला. म्हणजे इच्छा योग्य होती, जागा वेगळी निघाली.

तरी टोकावरचा हक्क मी सोडत नाही! आपल्याकडची बहुतेक उड्डाणं ए-३२० आणि ७३७ वर होतात. त्यांचा पार्किंगचा गट 'सी', मर्यादा ३६ मीटरच्या आत. ए-३२० शार्कलेटसह ३५.८ मीटर, ७३७-८०० विंगलेटसह तेवढंच. दोघंही मर्यादेला टेकलेत. पंख आणखी लांब करायचा तर दुमडण्याशिवाय गत्यंतर नाही. एअरबसने २०२५ मध्ये पुढच्या पिढीच्या, आत मधे एकच वाट असलेल्या (सिंगल-आइल) विमानाची दिशा मांडताना लांब, दुमडते पंख असं उघडच सांगितलं. पार्किंगसाठी बिजागरी येणारच असेल, तर तिचं वजन आधीच मोजलेलं असेल. मग हिशेबनीस, तुमच्याच नियमाने तीच बिजागरी झोत झेलायलाही वापरली तर?

हिशेबनीस (गुरुवार, सकाळी ९.०२)

तर हिशेब बदलतो. पार्किंगची बिजागरी जमिनीवर हलते, तेव्हा तिच्यावर हवेचा भार नसतो. हवेत हलणारी त्याहून मजबूत लागेल. पण शून्यापासून सुरुवात नसेल, हे खरं. या बाबतीत तुमच्या बाजूने.

सिएटलकर (गुरुवार, सकाळी ९.३५)

आणि कुलूप. जमिनीवरची बिजागरी हवेत कधीच उघडू नये म्हणून कुलूप असतं. झोत झेलणारी नेमक्या क्षणी उघडायलाच हवी. एकाच सांध्याकडून दोन उलट गोष्टी मागायच्या. प्रमाणपत्र देणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे आहे.

रानवेडी (गुरुवार, सकाळी ११.१५)

गिधाडाच्या पिसाला कुलूप नसतं, पण पीस एका मर्यादेपलीकडे वाकतही नाही. मुळाशी ते जाड आणि ताठ, टोकाकडे लवचीक. बिजागरीऐवजी पंखाचं टोकच तसं बनवता येत नाही का?

सिएटलकर (गुरुवार, सकाळी ११.५०)

बनवता येतं आणि थोडंफार होतंही. कार्बन फायबरचे थर तिरके रचले की पंख वर वाकताना आपोआप थोडा पिळतो आणि टोकाची लिफ्ट कमी होते. यावर वेगळा धागा काढतो, इथे मावणार नाही.

मिहानकर (गुरुवार, दुपारी ३.१०)

काढाच. आणि त्यात हेही लिहा: दुमडणाऱ्या पंखाचं विमान मोठ्या तपासणीला हँगरमध्ये आलं की टोक वर ठेवून काम करायचं की आडवं पसरून? वर ठेवलं तर बाजूचं मचाण तेवढ्या उंचीपर्यंत न्यावं लागेल, पसरलं तर शेजारची जागा जाते. आमच्याकडे दोन विमानं शेजारी उभी असतात, म्हणून विचारतोय.